शर्यतमार्गावरील मोटारगाडीचे ब्रेक व निलंबन

नेहमीच्या रस्त्यासाठी बनविलेली मोटारगाडी बंदिस्त शर्यतमार्गावर सातत्याने वेगात चालवावयाची असल्यास तिच्या गतिरोधक यंत्रणेत म्हणजे ब्रेकमध्ये, तसेच चाकांना सांगाड्याशी जोडणाऱ्या निलंबन यंत्रणेत फेरबदल करावे लागतात. असे फेरबदल पूर्वी शर्यतीत उतरणाऱ्या मोजक्या लोकांपुरते मर्यादित होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत यूरोप व अमेरिकेत ‘ट्रॅक डे’ ही प्रथा रुळली. यात सामान्य मालक शुल्क भरून स्वतःची गाडी शर्यतमार्गावर आणतो व ठरलेल्या वेळात ती चालवितो. येथे स्पर्धा नसते, क्रमांक लावले जात नाहीत आणि पुढच्या गाडीला मागे टाकण्याची मुभा बहुधा ठराविक जागीच असते. तथापि मार्ग, वळणे आणि वेग हे शर्यतीतलेच असल्याने गाडीवर पडणारा ताणही जवळजवळ तसाच असतो. कारखान्यातून आलेली गाडी सहसा या ताणासाठी आखलेली नसते.

शर्यतीच्या इतिहासात एंजिनाला मान मोठा मिळाला. परंतु फेरीचा वेळ कमी होण्यास जितके एंजिन कारणीभूत झाले, तितकेच गाडी उशिरा व खात्रीने थांबविण्याचे आणि चाक जमिनीला धरून ठेवण्याचे कौशल्यही झाले. ही दोन कामे वेगळी वाटली, तरी ती एकमेकांपासून तोडता येत नाहीत. ब्रेकचे सर्व बळ अखेरीस टायरच्या तळहाताएवढ्या ठशातून जमिनीला मिळते आणि तो ठसा जमिनीवर टिकविणे हे निलंबनाचे काम असते.

उष्णतेचा प्रश्न : ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा नाहीशी करीत नाही, तो तिचे उष्णतेत रूपांतर करतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला, की ब्रेकला चौपट उष्णता पेलावी लागते. १,२०० किग्रॅ. वजनाची गाडी ताशी १८० किमी. वरून ६० किमी. वर आणली, तर सु. १३ लाख जूल ऊर्जा बाहेर पडते. यातील ७० टक्के भाग पुढच्या दोन तबकड्यांकडे गेला आणि त्या दोहोंचे मिळून वजन १४ किग्रॅ. असले, तर केवळ एका वेळच्या ब्रेकने त्यांचे तापमान सु. १४५° से.ने वाढते. रस्त्यावर असा प्रसंग दिवसातून एखादे वेळी येतो व नंतर तबकडी निवण्यास वेळ मिळतो. शर्यतमार्गावर तो प्रत्येक फेरीत पाचसहा वेळा, दर वीसतीस सेकंदांनी येतो. थंड होण्याचा वेग तापण्याच्या वेगाशी बरोबरी करीपर्यंत तापमान फेरीगणिक चढत जाते.

घाट उतरताना अवजड गाडीचे ब्रेक तापून मंदावतात, हा अनुभव बोरघाटातील जुन्या ट्रकचालकांना चांगलाच परिचित आहे. म्हणूनच ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा त्यांचा नियम. शर्यतमार्गावर कारण तेच असते, मात्र उपाय इतका सोपा नसतो. ब्रेक मंदावण्याचे दोन प्रकार आहेत व त्यांची लक्षणे भिन्न असतात. पहिल्या प्रकारात घर्षणद्रव्य तापून त्याचे घर्षण घटते. पायाखालची पट्टी घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात ब्रेकच्या नळ्यांतील द्रवाला उकळी फुटते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पट्टी थेट तळाला जाते आणि चाकापर्यंत दाब पोहोचतच नाही. पहिला प्रकार चालकाला पूर्वसूचना देतो, दुसरा देत नाही. म्हणून तो अधिक घातक.

प्रारंभीचा काळ : आरंभीच्या मोटारगाड्यांना फक्त मागच्या चाकांवर किंवा प्रेषण दंडावर ब्रेक असत. पुढच्या चाकांवर ब्रेक लावल्यास गाडी उलटेल वा सुकाणू हातात राहणार नाही, अशी समजूत होती. वास्तविक ब्रेक लावताच भार पुढे सरकतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर अडीच मीटर असेल, तर गुरुत्वप्रवेगाइतक्या तीव्र मंदनात गाडीच्या वजनाचा एक-पंचमांश भाग मागून पुढे जातो. म्हणजे जी चाके सर्वांत जास्त काम करू शकतात, त्यांनाच त्या काळी कामाला लावलेले नव्हते.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तबकडी ब्रेकचे एकस्व घेतले; पण त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांब्याच्या घर्षणपट्ट्या कर्कश आवाज करीत व लवकर झिजत, त्यामुळे ही कल्पना मागे पडली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल्वी रनो यांनी बंदिस्त ढोल ब्रेक पुढे आणला आणि पुढची पन्नास वर्षे त्याचेच राज्य चालले. हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून डार्बिशरमध्ये घर्षण-अस्तरे बनविण्यास प्रारंभ केला; त्यांच्या आडनावातील अक्षरांवरूनच ‘फेरोडो’ हे नाव सिद्ध झाले. १९०८ पासून अस्तरांत ॲस्बेस्टस वापरात आले. उष्णता सोसण्यात ते सरस ठरले. पण त्याच्या तंतूंमुळे फुप्फुसाचे असाध्य विकार होतात, हे सर्वमान्य होऊन ब्रिटनमध्ये त्यावर बंदी यावयास १९९९ साल उजाडले. मधल्या काळात ढोल उघडून साठलेली भुकटी फुंकून टाकणाऱ्या गॅरेजमधील कामगारांना या सोयीची किंमत मोजावी लागली. शर्यतीच्या इतिहासांत याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

१९१४ मध्ये लीआँ येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री या संदर्भात उद्‌बोधक आहे. प्यूजोच्या गाड्यांना चारही चाकांवर ब्रेक होते, तर जर्मन मर्सेडीझच्या गाड्यांना केवळ मागे. झॉर्झ ब्वालो प्यूजो चालवीत होते व वळणांवर त्यांना लाभही मिळत होता. परंतु टायरांच्या अडचणींनी त्यांना गाठले आणि अखेरच्या फेरीत गाडीच निकामी झाली. पहिले तिन्ही क्रमांक मर्सेडीझने पटकावले. चांगला ब्रेक एकटा शर्यत जिंकून देत नाही, हे त्यातून दिसले. तथापि चार चाकांच्या ब्रेकचे महत्त्व कोणीही नाकारले नाही. महायुद्धानंतर १९२१ मध्ये ल मां येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये अमेरिकेच्या जिमी मर्फी यांनी ड्यूझेनबर्ग गाडीत विजय मिळविला. या गाडीच्या चारही चाकांवर द्रवीय ब्रेक होते. तारा व सळया यांच्या जागी द्रवाचा दाब वापरण्याची ही पद्धत मॅल्कम लॉकहीड यांनी विकसित केली होती. तारेच्या ब्रेकमध्ये चारही चाकांवरील ओढ सारखी राखणे हे कायमचे दुखणे असे. द्रवात दाब सर्वत्र सारखा पसरतो, या साध्या नियमाने ते दूर केले.

निलंबनाची प्रगती : घोडागाडीकडून वारशाने आलेले कमानपाटे व सलग आस हेच मोटारगाडीचे पहिले निलंबन होय. पाट्यांच्या थरांत होणारे घर्षण हेच काय ते हेलकावे आवरण्याचे साधन. विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समधील ट्रुफो यांनी घर्षणतबकड्यांचा आघातशोषक तयार केला व अमेरिकेत हार्टफर्ड यांनी त्याचा प्रसार केला. पुढे त्याची जागा द्रवीय आघातशोषकाने घेतली. या साधनाचे नाव काहीसे फसवे आहे. खड्ड्याचा आघात स्प्रिंग झेलते. आघातशोषक तिच्या उसळीला लगाम घालतो.

दोन महायुद्धांमधील काळात शर्यतीच्या गाड्यांचे निलंबन अतिशय कडक असे. स्प्रिंग जितकी ताठ, तितकी गाडी वळणावर स्थिर, असा समज रूढ होता. या समजाला धक्का दोन वेगळ्या दिशांनी बसला. इंग्लंडहून अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीत गेलेले मॉरिस ऑली यांनी १९३० नंतरच्या वर्षांत पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचा ताठपणा बदलून पद्धतशीर प्रयोग केले आणि पुढची स्प्रिंग मागचीहून मऊ ठेवल्यास गाडी कमी डोलते, हे दाखविले. गाडी वळणावर अपेक्षेपेक्षा कमी वळते की जास्त, हे सांगणाऱ्या ‘अंडरस्टिअर’ व ‘ओव्हरस्टिअर’ या संज्ञाही ऑली यांच्याच कामातून पुढे आल्या. त्यांचा हेतू मात्र प्रवाशांचे सुख हा होता, शर्यत नव्हे.

दुसरा धक्का जर्मनीतून आला. १९३६ च्या हंगामात मर्सेडीझच्या गाड्या वारंवार हरू लागल्या, तेव्हा रूडोल्फ ऊलेनहाउट या तरुण अभियंत्याकडे शर्यत विभागाचे तांत्रिक काम सोपविण्यात आले. यापूर्वी त्यांनी शर्यतीची गाडी कधी चालविली नव्हती. पण ते स्वतःच ती घेऊन न्यूर्बर्गरिंगच्या मार्गावर गेले व तेथे पुष्कळ अंतर चालवून दोष कोठे आहे ते त्यांनी शोधले. स्प्रिंगा इतक्या ताठ होत्या, की त्या दबण्याऐवजी सांगाडाच वाकत होता. चाकाने जमीन धरावी कशी, हा प्रश्न मग कोणत्याही स्प्रिंगेने सुटणारा नव्हता. १९३७ च्या डब्ल्यू १२५ या गाडीत त्यांनी सांगाडा कितीतरी ताठ केला, स्प्रिंगा मऊ ठेवून त्यांना हालचालीस भरपूर वाव दिला आणि द्रवीय आघातशोषक जोरकस बसविले. सहाशेच्या आसपास अश्वशक्ती असलेली ही गाडी रूडोल्फ काराच्चिओला यांनी चालवून त्या वर्षीचे यूरोपीय अजिंक्यपद मिळविले. ताठ सांगाडा, मऊ स्प्रिंग, आवरलेली उसळी हे सूत्र आजही लागू आहे. हौशी मालक गाडी सुधारताना नेमके याच्या उलट करताना दिसतात, ही नवलाची गोष्ट होय.

ऊलेनहाउट यांनी निवडलेल्या मार्गाचे या विषयाशी आणखी एक नाते आहे. आइफेलच्या डोंगरात १९२७ मध्ये खुला झालेला हा मार्ग शर्यती नसतील त्या दिवशी पथकर भरणाऱ्या कोणाही वाहनचालकासाठी प्रारंभापासून मोकळा होता. त्याचे उत्तरेकडील वळसे मूळचे सु. २२·८ किमी. असून आज सु. २०·८ किमी. आहेत, चढउतार सु. ३०० मी. आहे. उतारावरून वेगात येऊन एकदम वळणावर ब्रेक लावावा लागतो, तर खोलगट जागी निलंबन तळापर्यंत दबते. कायद्याच्या दृष्टीने तो अशा वेळी एकेरी वाहतुकीचा सार्वजनिक रस्ताच असतो व जर्मनीचे वाहतूक नियम तेथे लागू होतात. स्वतःच्या गाडीने शर्यतमार्ग अनुभवण्याच्या प्रथेचा इतका जुना व अखंड नमुना दुसरा सहसा सापडत नाही.

तबकडी ब्रेक : १९५० च्या सुमारास एंजिनांची शक्ती ढोल ब्रेकच्या मर्यादेबाहेर गेली. ढोल तापला, की तो प्रसरण पावून आतील अर्धवर्तुळाकार पट्ट्यांपासून दूर जातो. शिवाय उष्णता आत कोंडली जाते. ढोलाच्या फिरण्याने पुढची पट्टी आपोआप आत खेचली जात असल्याने थोड्या जोराने मोठा परिणाम साधतो, हा त्याचा गुण. परंतु त्यामुळेच घर्षण थोडे जरी घटले, तरी परिणाम पुष्कळ घटतो व डावे-उजवे चाक सारखे लागत नाही. उघडी फिरणारी तबकडी व तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड यांत हे दोष नाहीत. तबकडीला वारा लागतो आणि तापल्यावर ती पॅडकडेच फुगते. मात्र स्वतःला खेचून घेण्याचा गुण तिच्यात नसल्याने पायाला जोर अधिक लागतो व साहाय्यक दाबयंत्रणा जोडावी लागते.

विमानांसाठी असे ब्रेक तयार करणाऱ्या डनलॉप कंपनीने जॅग्वारच्या सहकार्याने ते मोटारीला बसविण्याचे काम हाती घेतले. चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांचा या कामात मोठा वाटा होता. अडचणी पुष्कळ आल्या. द्रव उकळे. त्याहून चमत्कारिक अडचण अशी, की वळणावरील भाराने चाकाचा तुंबा व आस किंचित हलून तबकडी पॅडना मागे ढकलून देई. पुढच्या वळणापूर्वी चालकाने पट्टी दाबली, की ती रिकामी जाई. म्हणजे दोष ब्रेकमध्ये दिसे, पण त्याचे मूळ निलंबनात असे. १९५२ च्या मील्ये मील्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस व ड्यूइस ही गाडी घेऊन उतरले, पण सुकाणूच्या बिघाडाने त्यांना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये रँस येथे मॉस यांनी तबकडी ब्रेकच्या गाडीला शर्यतीतील पहिला विजय मिळवून दिला. १९५३ च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार ताशी सरासरी सु. १७० किमी. वेगाने पहिली आली. आदल्या वर्षीच्या विजेत्याची सरासरी सु. १५६ किमी. होती. प्रतिस्पर्धी फेरारीचे एंजिन जॅग्वारपेक्षा मोठे होते. परंतु सु. ६ किमी. लांबीच्या सरळ रस्त्याच्या शेवटी जॅग्वारचे चालक त्यांच्यापेक्षा उशिरा ब्रेक लावीत आणि हा लाभ चोवीस तास टिके. ढोल ब्रेक पहिल्या तासात कदाचित तितकेच चांगले असत; दहाव्या तासात नसत.

या श्रेष्ठत्वाची दुसरी बाजू १९५५ मध्ये त्याच मार्गावर प्रकट झाली. ११ जून रोजी संध्याकाळी माइक हॉथॉर्न यांनी आपली जॅग्वार पिटमध्ये थांबविण्यासाठी वेग झपाट्याने कमी केला. मागून येणारे लॅन्स मॅक्लिन यांनी तिला चुकविण्यासाठी आपली ऑस्टिन-हीली डावीकडे घेतली. त्यांच्या मागून अतिवेगाने येणाऱ्या प्येर लव्हेग यांच्या मर्सेडीझची तिला धडक बसली; मर्सेडीझ हवेत उडाली व तिचे भाग प्रेक्षकांत घुसले. लव्हेग व ऐंशीहून अधिक प्रेक्षक मरण पावले. मर्सेडीझला ढोल ब्रेक होते आणि त्यांची उणीव भरून काढण्यासाठी चालकामागे उभी राहणारी धातूची मोठी झडप वाऱ्याचा ब्रेक म्हणून बसविली होती. गाड्यांच्या थांबण्याच्या क्षमतेतील तफावत हे या अपघाताचे एक कारण असल्याचे त्यानंतर वारंवार म्हटले गेले. ते एकमेव मानता येत नाही. कारण मधल्या ऑस्टिन-हीलीला तबकडी ब्रेकच होते, आणि चौकशीत कोणा एका चालकावर ठपका न ठेवता पिटसमोरील अरुंद व मोकळ्या मार्गाच्या रचनेकडे बोट दाखविण्यात आले. तरीही एकाच मार्गावर असमान क्षमतेच्या गाड्या एकत्र सोडल्या, की पुढच्या गाडीचे उत्तम ब्रेक मागच्याच्या जिवावर बेतू शकतात, ही बाब त्या दिवसापासून कोणालाही दुर्लक्षिता आली नाही. स्वित्झर्लंडने चक्राकार मार्गावरील शर्यतींवर बंदी घातली व ती अनेक दशके टिकली. ट्रॅक डेला गाड्यांचे गट पाडणे आणि मागे टाकण्याच्या जागा नेमून देणे, या नियमांमागेही हाच विचार आहे.

फेरारी मात्र ढोल ब्रेकला चिकटून राहिले. १९५८ मध्ये त्यांचे चालक पीटर कॉलिन्झ यांनी आपल्या खाजगी फेरारीला डनलॉपचे तबकडी ब्रेक बसवून घेतले होते. ऑगस्टमध्ये न्यूर्बर्गरिंगवर कॉलिन्झ यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांच्या त्या गाडीचे ब्रेक काढून इटालियन ग्रां प्रीसाठी हॉथॉर्न यांच्या शर्यतीच्या गाडीला जोडण्यात आले. हॉथॉर्न त्या शर्यतीत दुसरे आले व त्या वर्षीचे जागतिक अजिंक्यपद त्यांनीच मिळविले. शर्यतीतील सुधारणा रस्त्यावर उतरतात असे नेहमी सांगितले जाते; येथे प्रवास उलट दिशेने झाला.

हौशी कारागीर : स्वतःची स्वस्त गाडी स्वतःच्या हातांनी सुधारण्याची परंपरा ब्रिटनमध्ये ऑस्टिन सेव्हन या लहान गाडीभोवती वाढली. १९२२ ते १९३९ या काळात तयार झालेल्या या गाडीचे ब्रेक तारांचे व दुबळे होते. आरंभीच्या गाड्यांत तर पायाने मागचे व हाताने पुढचे ब्रेक लावावे लागत. लेस्ली बॅलमी यांनी पुढची सलग आस मधोमध कापून तिचे दोन स्वतंत्र झुलते भाग करण्याची योजना प्रचारात आणली. सुट्या भागांच्या रूपाने निलंबन सुधारण्याच्या व्यवसायाचे हे एक आद्य उदाहरण होय. कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये आपली पहिली गाडी ऑस्टिन सेव्हनवरूनच घडविली व आस कापण्याचीच युक्ती पुढच्या एका गाडीत वापरली. लोटस कंपनीचा उगम त्यांच्या या कामात आहे. चार्ल्स व जॉन कूपर या पितापुत्रांनी १९४६ मध्ये लहान फियाट टोपोलिनो गाड्यांचे पुढचे दोन भाग पाठीला पाठ लावून जोडले व चारही चाकांना स्वतंत्र निलंबन असलेली शर्यतीची गाडी सिद्ध केली. काटकसरीतून निघालेल्या या मार्गाने कूपर कंपनी १९५९ व १९६० च्या जागतिक अजिंक्यपदापर्यंत पोहोचली. युद्धानंतर ओस पडलेल्या सिल्व्हरस्टोन, गुडवुड यांसारख्या विमानतळांवर १९४८ पासून शर्यती होऊ लागल्याने या कारागिरांना मार्गही मिळाले.

जॉन कूपर यांचेच नाव लागलेली १९६१ ची मिनी कूपर ही या परंपरेची कारखान्यात तयार झालेली आवृत्ती होय. ॲलेक्स मॉल्टन यांनी रबराचे शंकू वापरून आखलेले मिनीचे निलंबन मुळातच वळणांवर सरस होते. कमतरता ब्रेकची होती. पुढे १७८ मिमी. व्यासाच्या तबकड्या बसविण्यात आल्या, पण त्या लहानच पडल्या. मिनीचे चाक अवघे २५४ मिमी. व्यासाचे असल्याने त्याच्या आत याहून फार मोठी तबकडी मावणे शक्य नव्हते. १९६३ च्या ‘एस’ प्रकारात तबकडी थोडी मोठी व जाड करण्यात आली. चाकाचा व्यास ब्रेकची कमाल मर्यादा ठरवितो, हा प्रश्न आजही तसाच आहे. मोठी तबकडी हवी म्हणून मोठे चाक घेतले, की स्प्रिंगेच्या खालचे वजन वाढते, चाक खड्ड्यावरून उसळून उशिरा जमिनीवर येते व ब्रेकमध्ये मिळविलेले निलंबनात गमावले जाते.

आधुनिक सुधारणा : आजच्या बहुतेक गाड्यांचे कारखान्यात बसविलेले ब्रेक चारही चाके जागच्या जागी जाम करण्याइतके समर्थ असतात. त्यामुळे मोठे ब्रेक बसविल्याने एका वेळचे थांबण्याचे अंतर सहसा कमी होत नाही. ते टायर ठरवितो. मोठ्या ब्रेकचा खरा उपयोग विसाव्या वेळीही पहिल्या वेळेइतकेच थांबता यावे, हा आहे. हा भेद न जाणता पुष्कळ पैसा खर्च होतो.

पहिली सुधारणा सर्वांत स्वस्त असते, ती म्हणजे ब्रेकचा द्रव बदलणे. गॅरेजमध्ये त्यास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. परंतु ते तेल नसून ग्लायकॉल गटातील द्रव असतो व तो हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, ठराविक प्रमाणात पाणी मुरल्यावर तो १५५° से. पर्यंत उतरू शकतो. म्हणून वर्षानुवर्षे न बदललेला द्रव घेऊन शर्यतमार्गावर जाणे म्हणजे वाफेने पट्टी तळाला जाण्याची तजवीज करणेच होय. त्यानंतर पॅड येतात. रस्त्यावरील साध्या पॅडचे घर्षण साधारणतः ३५०° ते ४००° से. च्या पुढे घसरू लागते. शर्यतीचे पॅड त्याहून बरेच अधिक तापमान सोसतात. पण त्यांतील कित्येक थंड असताना नीट पकडत नाहीत. असे पॅड लावून सकाळी घरून निघालेल्या गाडीसमोर पहिल्याच चौकात मूल धावत आले, तर ते पॅड कामाचे नाहीत. तबकडीच्या मध्यभागी वारा पोहोचविणाऱ्या नळ्या हा आणखी एक कमी खर्चाचा उपाय. मोठ्या तबकड्या, अधिक दट्ट्यांचे पकडसंच हे त्यानंतरचे. ते केवळ पुढच्या चाकांना बसविले, तर पुढचा-मागचा तोल बिघडून मागचे ब्रेक आपला वाटा उचलीत नाहीत. मागे जास्त झाले, तर भार हलका झालेली मागची चाके आधी जाम होऊन गाडी गिरकी घेते. १९७८ मध्ये बॉशने मर्सेडीझच्या गाड्यांत आणलेली चाक जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा या चुका काही अंशी झाकते, पण तीही कारखान्यातील तोल गृहीत धरूनच आखलेली असते. १९७६ मध्ये ब्रॅबमने शर्यतीत प्रथम आणलेल्या कार्बनच्या तबकड्या अतिशय तापल्याशिवाय काम करीत नसल्याने रस्त्याच्या गाडीस उपयोगी नाहीत. २००१ पासून पोर्शने देऊ केलेल्या मृत्तिका-मिश्रित तबकड्या रस्त्यावर चालतात, मात्र त्यांची किंमत हौशी मालकाच्या आवाक्याबाहेर असते.

निलंबनात सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे स्प्रिंग कापून गाडी खाली बसविणे. गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर आतल्या चाकांचा भार बाहेरच्या चाकांकडे कमी जातो, हे खरे. परंतु १९४९–५० च्या फोर्ड गाड्यांपासून रूढ झालेल्या मॅकफर्सन धर्तीच्या निलंबनात गाडी फार खाली घेतली, की खालच्या भुजेचा कोन उलटा होतो आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. परिणामी खाली बसविलेली गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते. शिवाय निलंबनाचा हालचालीचा वाव संपून ते रबरी ठोकळ्यावर आदळते व त्या क्षणी टायरवरील पकड एकाएकी सुटते. स्प्रिंग थोडी ताठ, तिला साजेसा आघातशोषक, जीर्ण रबरी बुशांच्या जागी नवे बुश आणि चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकविणारा कोन, एवढ्याने पुष्कळ काम होते. दोन्ही बाजूंची चाके जोडणारी पिळदार दांडी जाड करून गाडीचा कल कमी करता येतो व पुढच्या-मागच्या पकडीचा तोलही बदलता येतो. द्रवात फेस होऊ न देणारा, दाबाखालील वायूचा आघातशोषक फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांनी पुढे आणला. दीर्घकाळ एकसारखे काम करणे हा त्याचा गुण शर्यतमार्गावर विशेष मोलाचा ठरला. पकड देणारे टायर बसविणे हा सर्वांत परिणामकारक फेरबदल; पण टायरची पकड वाढली, की मंदन तीव्र होऊन ब्रेकची उष्णता वाढते व वळणावरील कलही वाढतो, म्हणून मागची सर्व गणिते पुन्हा मांडावी लागतात.

भारत : भारतात मद्रासजवळील शोलावरम् येथील दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीवर १९५० नंतरच्या दशकांत शर्यती नियमितपणे होत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ ची आहे. त्या शर्यतींत सुधारलेल्या फियाट व अँबॅसडर गाड्यांचा भरणा असे. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, जी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली, तिला पुढे स्वतंत्र स्प्रिंगांचे निलंबन व मागे कमानपाटे होते. ब्रेक मात्र चारही ढोलाचे. धावपट्टीवरील लांब सरळ भागाच्या शेवटी हे ढोल लवकर तापत. आयात केलेले सुटे भाग दुर्मिळ व महाग असल्याने आहे त्यातूनच मार्ग काढावा लागे. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगट्टुकोट्टै येथे खास बांधलेला मार्ग सुरू झाला, २००३ मध्ये कोईमतूरजवळ कारी मार्ग आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथे बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग. या मार्गांवर खाजगी गाड्यांसाठी दिवस राखून ठेवण्याची प्रथा येथेही सुरू झाली आहे. महाराष्ट्रातील हौशी मालकांना त्यासाठी शेकडो किलोमीटर दूर जावे लागते आणि त्या प्रवासाला कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने नोंदविलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरेल असे फेरबदल वाहनात करता येत नाहीत व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हीच भूमिका घेतली. जर्मनीत असा प्रत्येक फेरबदल मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून संमत करून नोंदवून घेता येतो. द्रव व पॅड बदलणे हे नेहमीच्या देखभालीतच मोडते. मात्र ज्या गाडीचे निलंबन व चाके मुळापासून बदलली आहेत, ती मार्गापर्यंत दुसऱ्या वाहनावर लादूनच न्यावी लागते.